लिनक्सवर फेचमेल लावलंय पण मेल काही उतरत नाहीत, कुणी लावून बघितलंय का?

पॅटर्नवाला
नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं पॅटर्नचं वर्कशॉप आहे, बाबा, मी आणि तीन कारागीर. फौंड्रीवाल्यांना लाकडी पॅटर्न (ज्यावरून ओतकामाचा साचा करतात तो नमुना) आणि कोअर बॉक्स (कास्टिंगमधल्या पोकळीसाठीचा साचा) करून देतो. आता सगळी ड्रॉइंग मेलवरच येतात आणि आमच्या डोमेनच्या मेलबॉक्सला जागा फक्त १ जीबी. गेल्या महिन्यात बॉक्स भरला ते आम्हाला कळलंच नाही, एका गिऱ्हाइकानं सुधारित ड्रॉइंग पाठवलं ते परत गेलं, आणि आम्ही जुन्या ड्रॉइंगवरून पॅटर्न करून मोकळे झालो. सागवान गेलं, चार दिवसांची मजुरी गेली, आणि बाबांचा चेहरा बघवत नव्हता.

म्हणून ठरवलं की मेल वर सर्व्हरवर साठवायचे नाहीत, आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे. जुना डेस्कटॉप पडून होता, त्यावर लिनक्स मिंट टाकलं, सर्व्हरवरचे मेल उतरवून घेणारं फेचमेल इन्स्टॉल केलं, कॉन्फिग फाईल लिहिली. पण चालवलं की कधी पासवर्ड चुकीचा म्हणतं, कधी भलतंच काहीतरी. पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, वेबवर त्याच पासवर्डनं लॉगिन होतंय. तीन रात्री गेल्या. काय बघू सांगा.

राजारामपुरी_पेंग्विन
भावा, "भलतंच काहीतरी" म्हणून काय कळणार. टर्मिनलवर जे येतं ते अक्षर न् अक्षर टाक इथं. फेचमेल -व्ही असं चालव म्हणजे सर्व्हरशी काय बोलणं झालं ते सगळं दिसतं. पासवर्डच्या जागी ते स्वतःच चांदणी छापतं, पण मेल आयडी आणि सर्व्हरचं नाव तसंच दिसतं तेवढं खोडून टाक.

गुळवाला_मार्केटयार्ड
एवढा खटाटोप कशाला, मेल बघायचं थंडरबर्ड टाका की. आमच्या पेढीवर सात वर्षं झाली, एकदा सेट केलं की विसरा.

टर्मिनल_काका
पॅटर्नवाले, आधी कॉन्फिग फाईलची परवानगी बघा. त्या फाईलीत पासवर्ड उघडा असतो, म्हणून ती फाईल दुसऱ्या युजरला वाचता येत असेल तर फेचमेल सुरूच होत नाही. सीएचमॉड ६०० करा, म्हणजे ती फक्त तुम्हालाच वाचता-लिहिता येईल. आणि पासवर्डमध्ये काही खास चिन्ह आहे का? पासवर्ड काय आहे ते सांगू नका, फक्त चिन्ह सांगा.

पॅटर्नवाला
काका, सीएचमॉड केलं, परवानगीची तक्रार गेली. पासवर्डमध्ये हॅशचं चिन्ह आहे, अगदी सुरुवातीलाच.

टर्मिनल_काका
मग सापडलं. त्या फाईलीत हॅशच्या पुढचं सगळं फेचमेलच्या लेखी टिप्पणी असते, वाचलंच जात नाही. तुमचा पासवर्ड त्याला दिसतच नाहीये. पूर्ण पासवर्ड दुहेरी अवतरणचिन्हात टाका. युजरनेमच्या जागी नुसतं नाव नको, पूर्ण मेल पत्ता द्या, बहुतेक होस्टिंगवाल्यांना तसाच लागतो.

आणि एक गोष्ट आत्ताच करा, नंतर नको. त्याच ओळीत कीप हा शब्द घाला. फेचमेलची मूळ सवय अशी की मेल उतरवला की सर्व्हरवरचा पुसून टाकायचा. सगळं नीट चालतंय अशी खात्री होईपर्यंत कीप काढायचं नाही.

पन्हाळा_धुकं
काकांच्या कीपला दहा वेळा अनुमोदन. माझा भोगलेला अनुभव सांगते. मी कॉलेजात असताना फेचमेल लावलं होतं आणि मेल पोचवायचं काम प्रोकमेलला दिलं होतं. प्रोकमेलच्या नियमात माझ्याकडून एक चूक झाली, ठरावीक विषयाचे मेल थेट नल डिव्हाइसला, म्हणजे कायमचे कचऱ्यात, जायला लागले. प्रोकमेलनं परत कळवलं की काम झालं, फेचमेलनं त्यावर विश्वास ठेवला आणि सर्व्हरवरून मेल पुसले. माझ्या गाईडनी पाठवलेल्या प्रबंधाच्या दुरुस्त्या त्यात गेल्या, परत मागायला जाताना पाय उचलत नव्हते. फेचमेलला फक्त एवढंच कळतं की पुढच्यानं "घेतलं" म्हटलं, त्यानं कुठं ठेवलं ते कळत नाही.

राजारामपुरी_पेंग्विन
अरे बाप रे ताई. दुरुस्त्या परत मिळाल्या का?

पन्हाळा_धुकं
मिळाल्या, सरांनी छापील प्रत ठेवली होती. पण त्या दिवसापासून मी आधी कीप लिहिते, मग बाकीचं.

पॅटर्नवाला
पासवर्ड अवतरणात टाकला, लॉगिन झालं! काका, तीन रात्री मी पासवर्ड बदल बदल बदलत होतो आणि दरवेळी मजबूत असावा म्हणून हॅश घालत होतो.

आता पुढचं. मेल मोजून दाखवतंय, ३१२ मेसेज म्हणतंय, पण पहिलाच उतरवायला घेतला की एसएमटीपी कनेक्ट टू लोकलहोस्ट फेल्ड येतं आणि थांबतं. एसएमटीपी तर मेल पाठवायचं असतं ना, मी पाठवतच नाहीये, घेतोय, मग ते कुठून आलं मधेच?

बेंगळुरूतला_कोल्हापूरकर
हे सगळ्यांना चक्रावतं. फेचमेल स्वतः मेल कुठल्याही फोल्डरमध्ये ठेवत नाही. ते हमालासारखं आहे, सर्व्हरवरून पोतं उचलायचं आणि तुझ्याच मशीनवरच्या मेल सर्व्हरच्या दारात, म्हणजे २५ नंबरच्या पोर्टवर, नेऊन टाकायचं. पुढं कुठल्या कपाटात ठेवायचं ते त्या मेल सर्व्हरनं बघायचं. हे १९९६ च्या सुमाराचं सॉफ्टवेअर, एरिक रेमंड यांनी पॉपक्लायंट नावाचं जुनं काम हातात घेऊन वाढवलं, आणि त्या काळी प्रत्येक युनिक्स मशीनवर मेल सर्व्हर चालू असायचाच. मिंटवर नसतो. दार उघडायला कुणीच नाही म्हणून कनेक्शन नाकारलं.

दोन रस्ते आहेत. पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर टाक आणि इन्स्टॉल करताना लोकल ओन्ली निवड. नाहीतर फेचमेलच्या ओळीत एमडीए लिहून मेलड्रॉपसारख्या, मेल फोल्डरमध्ये ठेवणाऱ्या प्रोग्रामला थेट हातात दे. पण तू नक्की काय करणार आहेस ते सांग, कारण मला वाटतंय तुला फेचमेल नकोच आहे.

गुळवाला_मार्केटयार्ड
मी पहिल्या दिवशीच सांगितलं, थंडरबर्ड. त्यात तर सर्व्हरवर मेल किती दिवस ठेवायचे तेही टाकता येतंय.

पॅटर्नवाला
गुळवाले दादा, तुमचं बरोबर आहे, एकट्यासाठी थंडरबर्ड पुरेल. पण थंडरबर्ड कुणीतरी उघडून ठेवायला लागतं. मला असं हवंय की वर्कशॉप बंद असलं, आम्ही लग्नाला गेलो असलो तरी मेल उतरत राहिले पाहिजेत, बॉक्स भरला नाही पाहिजे. बाबा खालच्या मशीनवर बघणार, मी घरून बघणार. आणि सर्व्हरवरचे मेल लगेच पुसायचे नाहीत, पंधरा दिवस राहू देत, कारण मी बाहेर असलो की मोबाईलवर बघतो.

बेंगळुरूतला_कोल्हापूरकर
मग माझा अंदाज खरा. फेचमेलला "पंधरा दिवसांनी पूस" हे सरळ सांगता येत नाही, ठेव नाहीतर पूस एवढंच. गेटमेल बघ, तेही मेल उतरवणारंच. मूळचं पायथन २ चं होतं, आता पायथन ३ साठी गेटमेल६ आहे, मिंटच्या रिपॉझिटरीतच मिळेल. ते स्वतः मेलडिर फोल्डरमध्ये मेल ठेवतं, मध्ये पोस्टफिक्स नको, काही नको. डिलीट आफ्टर म्हणून एक पर्याय आहे, त्यापुढं दिवस लिहायचे. आणि मूळ सवय फेचमेलच्या उलटी, तू सांगितल्याशिवाय सर्व्हरवरचं काही पुसत नाही.

टर्मिनल_काका
मी फेचमेलवाला माणूस, पण इथं गेटमेलच बरं पडेल हे मान्य करतो.

शाहूपुरी_कुंभारगल्ली
सॉफ्टवेअर कुठलं का असेना, ते मशीन ठेवलंय कुठं? पॅटर्नवाल्यांनी वर "खालच्या मशीनवर" लिहिलंय म्हणून विचारतोय. २०१९ ला आमच्या गल्लीत पाणी आलं तेव्हा कॉम्प्युटर टेबलावर होता, आम्हाला वाटलं टेबलापर्यंत काही येत नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३, हे आकडे लहानपणापासून पाठ, पण आकडे पाठ असून मशीन वर नेलं नाही. मूर्तींच्या ऑर्डरी, फोटो, गिऱ्हाइकांचे नंबर सगळं चिखलात. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा हार्ड डिस्क काढून आत्याकडं नेऊन ठेवली होती. तुम्ही सर्व्हरवरचं पुसणार आणि सगळं एकाच डिस्कवर ठेवणार असाल तर दुसरी प्रत हवीच.

पॅटर्नवाला
दादा, आमच्याकडं पाणी येत नाही पण तुमचं म्हणणं खरं आहे, डिस्क काय पुरानंच जाते असं नाही. रोज रात्री मेलच्या फोल्डरची प्रत आरसिंकनं घरच्या मशीनवर टाकायचं ठरवतोय.

राजारामपुरी_पेंग्विन
विषयांतर होतंय पण एक विचारू का, पॅटर्नवाल्यांची पट्टी वेगळी असते म्हणे? माझे आजोबा उद्यमनगरात ऑईल इंजिनच्या कारखान्यात टर्नर होते, ते म्हणायचे पॅटर्नवाल्याची पट्टी घेऊन काम केलं तर जॉब बाद.

पॅटर्नवाला
अगदी खरं. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, बिडाला साधारण एक टक्का धरतात. म्हणजे १००० मिलिमीटरचा कास्टिंग हवा तर पॅटर्न १०१० चा. दरवेळी हिशोब करत बसायला नको म्हणून पट्टीच तेवढी ताणलेली असते, तिच्यावरचा एक इंच खऱ्या इंचापेक्षा मोठा. बाबांकडं पितळी पट्टी आहे, आजोबांची. तिला आम्ही कुणी हात लावत नाही. ड्रॉइंगची जुनी आवृत्ती वापरली की काय होतं ते यावरून समजा, पट्टी कितीही बरोबर असली तरी उपयोग नाही.

राजारामपुरी_पेंग्विन
लई भारी. धन्यवाद भावा. आता गेटमेलचं सांग, झालं का?

पॅटर्नवाला
नाही झालं. गेटमेल६ टाकलं, कॉन्फिग लिहिली, मेल उतरवून घ्यायची पॉप३ पद्धत, एसएसएलसह, पोर्ट ९९५. आता दोन वेगळ्याच अडचणी. आधी म्हणालं मेलडिर नाही. मेल नावाचा फोल्डर तर मी केलाय. ते कसंतरी सोडवायला गेलो तर सकाळपासून सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड येतंय. काल दुपारी फेचमेलचं लॉगिन होत होतं, सर्व्हर तोच, नेट तेच. होस्टिंगवाल्याला फोन केला, ते म्हणतात आमच्याकडं सगळं ठीक आहे, तुमच्या बाजूचं बघा.

बेंगळुरूतला_कोल्हापूरकर
मेलडिर म्हणजे नुसता फोल्डर नव्हे. त्याच्या आत तीन रिकामे फोल्डर लागतात. मोबाईलवरून मराठी कीबोर्डनं लिहितोय, तू इंग्रजीत कर, सी यू आर, एन ई डब्ल्यू आणि टी एम पी. गेटमेल ते स्वतः बनवत नाही. आणि कॉन्फिगमध्ये पाथच्या शेवटी तिरकी रेघ पाहिजेच, तीच नसेल तर त्याला ते मेलडिर वाटतच नाही.

सर्टिफिकेटचं, पूर्ण ओळ टाक.

पॅटर्नवाला
पूर्ण ओळीत शेवटी सर्टिफिकेट इज नॉट येट व्हॅलिड असं आहे.

गुळवाला_मार्केटयार्ड
सर्टिफिकेट तपासणी बंद करून टाका की, मी एकदा तसंच केलं होतं, लगेच चाललं.

टर्मिनल_काका
गुळवाले, असं करू नका आणि सांगूही नका. तपासणी बंद केली की समोरचा सर्व्हर खरा आहे की मधे कुणी बसलाय हे कळायचा मार्ग संपला, आणि पासवर्ड आपण त्याच्याच हातात देतो.

"नॉट येट व्हॅलिड" म्हणजे सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही असं तुमच्या मशीनला वाटतंय. प्रत्येक सर्टिफिकेटला सुरू व्हायची आणि संपायची तारीख असते. पॅटर्नवाले, टर्मिनलवर नुसतं डेट टाइप करा आणि काय येतं ते सांगा.

पॅटर्नवाला
काका!! मशीन दोन वर्षं मागं आहे. काल संध्याकाळी लाइट गेली होती, मेन स्विच बंद करून घरी गेलो, सकाळी चालू केलं.

टर्मिनल_काका
मदरबोर्डवरचा सेल संपलाय. रुपयाएवढा चपटा गोल सेल असतो, सीआर२०३२. मशीनची वीज गेली की घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. जुन्या मशीनला हे होतंच. लक्ष्मीपुरीत नाहीतर घड्याळाच्या कुठल्याही दुकानात मिळेल, महाग नसतो. पण सेल गेला तरी नेटवरून वेळ आपोआप जुळायला पाहिजे होती, ती का जुळली नाही तेही बघा. टाइमडेटसीटीएल चालवा, एनटीपी सर्व्हिस चालू आहे का बंद ते त्यात दिसतं.

पॅटर्नवाला
इनॅक्टिव्ह दाखवतंय. इन्स्टॉल करताना मीच काहीतरी बंद केलं असणार. चालू केलं, पाच सेकंदात तारीख बरोबर झाली. गेटमेल चालवलं. मेल येतायत!! एकेक ओळ पुढं सरकतीय आणि मी आणि बाबा दोघं स्क्रीनकडं बघत उभे आहोत.

राजारामपुरी_पेंग्विन
नाद खुळा! काकांना मिसळ लागली.

टर्मिनल_काका
मिसळ नको, आधी सेल बदला. शिवाय फेचमेलनं मध्यंतरी जे मेल उतरवले असतील ते गेटमेल पुन्हा उतरवणार, काय उतरवलं त्याच्या दोघांच्या वह्या वेगळ्या आहेत. डबल दिसले तर घाबरू नका.

पॅटर्नवाला
दोन दिवसांनी परत आलोय. सेल बदलला. दर दहा मिनिटांनी क्रॉनमधून गेटमेल चालतंय. डिलीट आफ्टर अजून टाकलेलं नाही, पन्हाळा ताईंचं लक्षात आहे. पण एक गोष्ट जुळत नाही. काल सांगलीच्या गिऱ्हाइकानं तीन मेल टाकले, मशीनवर एकच आला. मोबाईलवर तिन्ही आहेत. वेबवर बघितलं तर तिथंही एकच.

पन्हाळा_धुकं
वेबवरही एकच म्हणजे दोन मेल गेटमेल पोचायच्या आधीच सर्व्हरवरून कुणीतरी काढले. मोबाईलवर अकाउंट कशानं जोडलंय, पॉप३ नं का?

पॅटर्नवाला
ताई, पॉप३ च आहे. आणि सेटिंगमध्ये "सर्व्हरवरून मेसेज हटवा, मिळाल्यावर" असं आहे. म्हणजे मोबाईलच चोर निघाला. बॉक्स भरत होता म्हणून मीच कधीतरी ते केलं असणार.

बेंगळुरूतला_कोल्हापूरकर
मोबाईल आयमॅपवर टाक, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून बघायची पद्धत, पोर्ट ९९३. पॉप३ वर दोघं असले की दुसरा त्रासही होतो, पॉप३ मध्ये एक जण आत गेला की बॉक्सला कुलूप लागतं, त्याच वेळी दुसरा आला तर त्याला बाहेर थांबावं लागतं किंवा एरर येते. आयमॅपवर मोबाईल फक्त सर्व्हरवर जे आहे ते दाखवेल, काही पळवणार नाही. एवढं लक्षात ठेव की पंधरा दिवसांनी गेटमेलनं सर्व्हरवरून पुसलं की मोबाईलवरूनही ते दिसेनासं होईल. जुनं बघायला तुझ्याच मशीनवर डोव्हकॉट हा आयमॅप सर्व्हर टाक, मेलडिरकडं बोट दाखव, मग बाबा थंडरबर्डनं त्याला जोडून सगळं बघतील. थंडरबर्ड तो मेलडिर फोल्डर थेट उघडत नाही, म्हणून मधे डोव्हकॉट.

गुळवाला_मार्केटयार्ड
शेवटी थंडरबर्ड आलंच ना!

पॅटर्नवाला
आलं दादा, आणि बाबांना तेच आवडलं.

रंकाळा_वारा
वाचत होते सगळं. माझं जीमेल आहे, शाळेचे पालकांचे मेल सगळे त्यावर, लिनक्सच्या लॅपटॉपवर गेटमेल लावलं तर पासवर्ड बरोबर असून घेत नाही. माझ्याही पासवर्डमध्ये हॅश असेल का बघते.

पन्हाळा_धुकं
ताई, तुमचं कारण वेगळं आहे. जीमेलनं मे २०२२ पासून अशा प्रोग्रामना नेहमीचा पासवर्ड घ्यायचं बंद केलं. आधी खात्यावर टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, मग अ‍ॅप पासवर्ड बनवता येतो, १६ अक्षरांचा. तो गेटमेलच्या फाईलीत टाका आणि फाईलला काकांचं ६०० करा. शाळेनं दिलेलं खातं असेल तर अ‍ॅप पासवर्ड बंद ठेवलेला असू शकतो, मग शाळेत जे खाती सांभाळतात त्यांना विचारावं लागेल.

रंकाळा_वारा
झालं! माझं स्वतःचंच खातं होतं. खूप आभार ताई.

पॅटर्नवाला
तीन आठवडे झाले म्हणून कळवतोय. मोबाईल आयमॅपवर टाकल्यापासून एकही मेल हरवला नाही, मी रोज वेबवरची यादी आणि मशीनवरची यादी ताडून बघत होतो. परवा डिलीट आफ्टर १५ टाकलं. आज बॉक्सची जागा बघितली, १ जीबीतली निम्म्याहून जास्त रिकामी. रात्री अकराला घरच्या मशीनवर प्रत जाते, शाहूपुरीच्या दादांमुळं.

सकाळी त्याच गिऱ्हाइकाचं सुधारित ड्रॉइंग आलं, ज्याचं मागच्या महिन्यात परत गेलं होतं. मी अजून घरी होतो. वर्कशॉपला पोचलो तर बाबांनी ते उघडून, छापून, कोपऱ्यावरची आवृत्ती लाल पेन्सिलनं गोल करून बेंचवर लावलं होतं आणि पितळी पट्टी काढून बसले होते.

टर्मिनल_काका
वाचून लई बरं वाटलं. फेचमेल अजून इन्स्टॉल असेल तर काढून टाका, नाहीतर चुकून कधीतरी सुरू झालं तर कीप आहे का नाही ते बघत बसायला लागेल.

पॅटर्नवाला
आत्ताच काढलं काका.